राळ्याचा भात आणि जुना चीन

मी पहिलं चिनी अक्षर पाहिलं ते रेशमाच्या ताग्यावर चिकटवलेल्या एका चिठ्ठीवर. तेव्हा आम्ही नांदेडला, नदीच्या अंगाला एका भाड्याच्या घरात राहत होतो. वडील तिथल्या अदालतीत वकील होते. आई मी पाच वर्षांची असताना गेली, म्हणून कंधारजवळच्या आमच्या गावाहून वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, घर सांभाळायला आली होती. लग्नानंतर वर्षभरातच ती विधवा झालेली. सगळं आयुष्य शेतात गेलेलं. तिला अक्षर एक येत नव्हतं, पण बोलण्यात ती कुणाला ऐकायची नाही. मी सोळा वर्षांची होते आणि घरीच मॅट्रिकचा अभ्यास करत होते.

दिवाळी झाली की नांदेडात एक चिनी कापडवाला यायचा. स्टेशनजवळच्या सराईत उतरायचा आणि सायकलच्या मागे भलंमोठं गाठोडं बांधून गल्लोगल्ली हिंडायचा. निळा कोट, कापडी बूट, डोक्यावर कानटोपी. वय पस्तिशीच्या आसपास असावं. कलकत्त्यापासून बाजार करत करत तो आमच्याकडे पोचायचा, त्यामुळे त्याच्या हिंदुस्थानीत वाटेतल्या प्रत्येक मुलखाचा एकेक शब्द अडकलेला असे. आमच्या मुलखाकडून त्यानं घेतलेला शब्द होता ‘नक्को’. आत्यानं भाव पाडून मागितला की तो दोन्ही हात हलवून म्हणायचा, “नक्को माँजी, नक्को!” आणि आत्या खूश व्हायची.

त्या दिवशी तो ओसरीवर कापड उलगडून बसला होता. आत्या माझ्या पोलक्यासाठी कापड बघत होती. मला कापडात काही रस नव्हता. ताग्याच्या टोकाला एक छोटी लाल चिठ्ठी होती आणि तिच्यावर काळ्या शाईत चार चौकोनी आकृत्या होत्या. मला उर्दू वाचता येत होतं, मराठी येत होतं, थोडं इंग्रजी येत होतं. पण या आकृत्यांचं तोंड कुठं आणि शेपूट कुठं हेच कळेना.

“इस पे क्या लिखा है?” मी विचारलं.

“दुकान का नाम.”

“पर यात अक्षर कौनसा?”

तो जरा बघत राहिला. गिऱ्हाइकानं असं कधी विचारलं नसावं. मग त्यानं माझी पेन्सिल मागून घेतली आणि वहीच्या कागदावर तीन सुळके काढले. “ये पहाड.” मग एक चौकोन, मध्ये रेघ. “ये सूरज.” मग एक छप्पर काढलं, त्याखाली एक बसलेली आकृती. “ये घर. घर में औरत. दोनों मिलके... शांती. आराम.”

आत्यानं मान पुढं करून बघितलं. “म्हंजी छपराखाली बाई बसली की शांती?”

“हौ माँजी. शांती.”

“मंग एक दिस आमच्या छपराखाली ऱ्हाऊन बघ म्हनावं.”

आतल्या खोलीत वडील अर्जाचा मसुदा लिहीत बसले होते. ते खो खो हसत बाहेर आले. मीही हसले, पण माझं मन त्या आकृतीतच अडकलं होतं. घर आणि बाई मिळून शांती होते, हे कुणी ठरवलं? कुठल्या माणसानं, कुठल्या घराकडे बघून? मी कापडवाल्याला विचारलं, “ये बनाया कब?”

“बहुत पुराना.”

“कितना पुराना?”

त्यानं उजवा हात खांद्यावरून मागं टाकला, नदीच्याही पलीकडे कुठंतरी. “उतना.”

मला तेवढ्यानं भागेना. वडिलांच्या मागं लागून मी त्यांच्या एका मौलवी मित्राकडून दुनियेच्या इतिहासाचं उर्दू पुस्तक मागवलं. जाडजूड पुस्तक होतं. त्यात चीनला दीड पान दिलं होतं आणि त्यातलं एक पान भिंतीवर आणि अफूवर खर्च झालं होतं. मी एका कोऱ्या वहीत प्रश्न लिहायला लागले. ते काय खायचे? पाऊस पडला नाही तर कुणाला दोष द्यायचे? पोरींना लिहायला शिकवायचे का? पुढच्या वर्षी दिवाळीनंतर कापडवाला आला तेव्हा मी वही घेऊनच दारात उभी होते.

तो बिचारा घाबरला. “मैं चार साल मदरसे में बैठा,” तो म्हणाला. “फिर बाप मर गया. मैं कपडा बेचता. मेरे को राजा लोगों का नहीं मालूम.”

“राजाचं नको,” मी म्हटलं. “घरचं सांगा.”

घरचं त्याला पुष्कळ सांगता येत होतं. त्याचं गाव चीनच्या उत्तरेला, समुद्रापासून काही दिवसांच्या चालीवर होतं. तिथं थंडीत चुलीचा धूर बसायच्या ओट्याखालून नेतात, म्हणजे ओटा गरम राहतो आणि सगळं घर त्याच्यावर झोपतं. पूर्वजांच्या नावाच्या लाकडी पाट्या घरात ठेवतात आणि त्यांना जेवण दाखवतात. मी लिहून घेत होते. आत्या मध्येच विचारी, “अन् पाट्यांपुढचं मंग खातं कोन?” तो म्हणाला, “हम.” आत्याला ते पटलं. आमच्यातही नैवेद्याचं तसंच होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं माझ्यासाठी एक कुंचला, शाईची कांडी आणि लहानपणी घोकलेलं शाळेचं फाटकं पुस्तक आणलं. पंधरा दिवस तो नांदेडात असायचा. तेवढ्या दिवसांत रोज दुपारी घटकाभर त्यानं मला अक्षरं शिकवली. वडिलांची अट एकच होती, “आत्या समोर बसलेली पाहिजे.” आत्या बसायची. तांदूळ निवडत बसायची.

मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी मला हैदराबादला मुलींच्या कॉलेजात घालायचं म्हटलं, तेव्हा सगळ्यात आधी आत्यानंच विरोध केला. चार दिवस तिनं तोंड फुगवलं. पाचव्या दिवशी तीच वडिलांना म्हणाली, “जाऊ द्या तिला. हितं ऱ्हाऊन तरी काय, छपराखाली बसायचंय?”

हैदराबादला इतिहास शिकवणारे प्रोफेसर विलायतेत शिकून आलेले होते. शेरवानीचं वरचं बटणसुद्धा कधी उघडं नसे. सगळं शिक्षण तेव्हा उर्दूतून असल्यामुळे इंग्रजी इतिहासाची पुस्तकं त्यांनीच उर्दूत आणली होती, आणि रियासतीतल्या सगळ्या शाळांत तीच चालत. बी. ए.च्या शेवटच्या वर्षी मी त्यांना म्हटलं, की मला पुढं जुन्या चीनचा अभ्यास करायचाय.

“बीबी,” ते म्हणाले, “तुमच्या मराठवाड्यात अजिंठा आहे, वेरूळ आहे. सारी दुनिया बघायला येते. ते सोडून चीन का?”

“अजिंठ्याचं सांगणारे पुष्कळ आहेत, जनाब. चीनचं कुणालाच काही माहीत नाही.”

“तुम्हाला माहीत आहे?”

“नाही. म्हणूनच.”

ते हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या कपाटातली दोन इंग्रजी पुस्तकं मला दिली आणि सांगितलं की पान दुमडायचं नाही.

बी. ए. झाल्यावर मला लातूरला मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली. वडील नांदेडातच राहिले आणि आत्या माझ्याबरोबर आली. नोकरी करता करता एम. ए.साठी प्रबंध लिहायची परवानगी प्रोफेसरांनी मिळवून दिली. विषय मीच ठरवला होता: चीनच्या उत्तरेकडचे अगदी जुने लोक काय पिकवत होते आणि काय खात होते. प्रोफेसरांना वाटत होतं मी राजवंशांवर लिहावं. मी म्हटलं, राजेही जेवतच असतील.

लातूर तेव्हा बाजाराचं गाव. औशाच्या, मुरुडच्या बैलगाड्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, सकाळपासून लागायच्या. धान्याच्या राशी, हमालांची ओरड, मिरच्यांचा खकाणा. एका शुक्रवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, मी आणि आत्या गंजातून येत होतो. एका बोळाच्या तोंडाशी निळा कोट दिसला. आत्यानंच ओळखलं.

“अगं, आपला चिनी!”

तोच होता. पण गाठोड्यात रेशीम नव्हतं. बटणं, दोरे, मुलांचे सुती सदरे, एवढंच. त्यानं आम्हाला ओळखलं आणि दोन्ही हात जोडून नुसता उभा राहिला. महायुद्ध पेटलेलं होतं. त्याच्या मुलखात जपान्यांचा अंमल होता आणि जहाजं बंद होती. माल येत नव्हता, पत्र येत नव्हतं, जाता येत नव्हतं. बायको आणि मुलगी गावी होत्या. त्यानं बोळातच एक खोली घेतली होती.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दो साल.”

दोन वर्षं तो लातुरात होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. आत्या तिथल्या तिथं म्हणाली, “दर शुक्रवारी ये. जेवून जायचं.” तो “नक्को, नक्को” म्हणाला. आत्यानं ऐकलं नाही.

असे आमचे शुक्रवार सुरू झाले. आधी जेवण, मग ओसरीवर अभ्यास. माझ्याकडे आता प्रोफेसरांनी टपालानं पाठवलेली पुस्तकं होती. त्यात हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर कोरलेल्या फार जुन्या अक्षरांची चित्रं होती. कापडवाल्याला ती वाचता येत नव्हती, पण आजच्या अक्षराशी त्यांचं नातं तो बरोबर ओळखायचा. “ये देखो, ये तो मछली. तब पूँछ थी, अब नीचे चार नुक्ते हो गए.” आम्ही दोघं डोकं लावून बसायचो आणि आत्या समोर काहीतरी निवडत बसायची.

एक दिवस मी एक अक्षर विसरले. मी आणि कापडवाला दोघंही अडलो. आत्या मान वर न करता म्हणाली, “ते पानी हाय. मागल्या शुक्रवारी सांगितलं की त्यानं.”

 मी पाटी पुढं केली. तिनं बोटांवरचा कोंडा पुसला आणि पाणी काढून दाखवलं, डोंगर काढला, सूर्य काढला, माणूस, झाड, तोंड, घोडा. वीसेक अक्षरं तिला येत होती. ‘अ आ इ ई’ येत नसलेल्या बाईला चिनी येत होतं. कापडवाल्यानं टाळ्या वाजवल्या. आत्या लाजली आणि म्हणाली, “रांगोळीवानी तर हाय. त्यात काय शिकायचं?”

माझ्या प्रबंधाचं काम चांगलं चाललं होतं. त्यातलं एक प्रकरण हैदराबादच्या एका उर्दू मासिकात छापूनही आलं. त्यात मी लिहिलं होतं की उत्तर चीनच्या जुन्या लोकांचं मुख्य धान्य जवार होतं, आणि म्हणून आमच्या दख्खनच्या आणि त्यांच्या जेवणात मोठं साम्य आहे. इंग्रजी पुस्तकांत ‘मिलेट’ असा शब्द होता. प्रोफेसरांनी आपल्या पुस्तकात त्याला ‘जवार’ म्हटलं होतं आणि मी तोच शब्द उचलला होता. लेख पुष्कळांना आवडला. शाळेच्या तपासणीला आलेल्या शिक्षण खात्याच्या मोहतमीमसाहेबांनी वर्गात माझं कौतुक केलं. मराठवाड्याची भाकरी चीनमध्ये, असं ते सगळ्या मुलींना सांगत होते.

मग भोगी आली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे राळ्याचा भात करतात, तसा आत्यानं केला होता. सगळ्या शेंगाभाज्यांची मिसळ भाजी, तिळाची भाकरी आणि भात. शुक्रवार नव्हता, तरी तिनं निरोप पाठवून कापडवाल्याला बोलावून घेतलं. सणाच्या दिवशी त्यानं एकट्यानं चूल पेटवावी हे तिला बरं वाटत नव्हतं.

तो पाटावर बसला. आत्यानं ताट वाढलं. पिवळसर, बारीक दाण्यांचा वाफाळता भात. त्यानं ताटाकडे बघितलं आणि तो हलेचना. मग वाकून त्यानं वास घेतला. एक घास तोंडात घातला. चावायचं थांबला.

“काय झालं? खारट झालं का?” आत्यानं विचारलं.

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “माँजी, ये... ये तो मेरे घर का है.” त्यानं त्याच्या भाषेतलं काहीतरी नाव दोन-तीनदा म्हटलं. “माँ पकाती. बच्चा होता ना, औरत को यही देते, पतला करके. बाप-दादा की पाटी के सामने भी यही रखते.”

आत्या स्वयंपाकघरात गेली आणि मूठभर कच्चे राळे घेऊन आली. त्यानं ते तळहातावर घेतले, बोटानं पसरले. “यही. यही.”

मी माझं ताट तसंच ठेवलं होतं. मी विचारलं, “आणि जवार? जवार तुमच्याकडे नाही होत?”

“होती ना. बहुत होती. बैल खाता, हम भी खाते. दारू भी बनाते.”

“मग पूजेला जवार नाही ठेवत?”

तो माझ्याकडे असं बघू लागला की जणू मी काहीतरी भलतंच विचारलंय. “नक्को! जवार कौन रखेगा? वो तो बाद का अनाज. बूढे लोग बोलते, पहले का अनाज ये.”

 मी हात धुऊन आतून जुन्या अक्षरांचं पुस्तक आणलं. धान्याचं जे सगळ्यात जुनं चिन्ह होतं ते उघडून बघितलं: एक उभा देठ, दोन पानं आणि वर एका बाजूला झुकलेलं टोक. मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं. आत्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

“आत्या, हे कशाचं कणीस?”

“राळ्याचं की.”

“जोंधळ्याचं नाही?”

“जोंधळा ताठ उभा ऱ्हातो गं. ह्यानं मान टाकलीय, बघ की. राळं पिकलं की असंच लवतं. तू काय शेत बघितलंच न्हाईस का?”

खरं म्हणजे नव्हतंच बघितलं. नांदेडला वाढले, हैदराबादला शिकले. जवार मला भाकरीच्या रूपात माहीत होती.

तो सबंध आठवडा मी पुस्तकं पुन्हा चाळली. ‘मिलेट’ हा शब्द जोंधळा, बाजरी, राळे, सगळ्यांनाच चालत होता. एका इंग्रजी अहवालात उत्खननात मिळालेल्या एका मडक्याची हकीकत होती. मडक्याच्या तळाशी जळालेले दाणे सापडले होते आणि त्यांचं माप दिलं होतं. ती ओळ मी पूर्वी दोनदा वाचली होती, समासात खूणही केली होती. माप जवळजवळ मोहरीच्या दाण्याएवढं होतं. जवारीचा दाणा त्याच्या दुप्पट भरतो. ओळ डोळ्यांसमोर होती, पण ‘जवार’ हा शब्द मनात पक्का बसल्यामुळे ती मला दिसली नव्हती. या गोष्टीचा मला राग आला नाही, नवल वाटलं. वाचूनही न दिसणं हे कसं घडतं, याचं. आजही वाटतं.

आता करायचं काय? लेख छापून झाला होता. प्रबंध दोन महिन्यांत द्यायचा होता, आणि त्याचे मुख्य परीक्षक तेच प्रोफेसर होते, ज्यांच्या पुस्तकातून मी शब्द घेतला होता. मी वडिलांना नांदेडला पत्र लिहिलं. वकिलाचं उत्तर दोन ओळींचं आलं: चुकीचा जबाब दिला असेल तर दुसऱ्यानं उलटतपासणीत पकडण्याआधी आपणच दुरुस्त करावा, त्यात अब्रू जात नाही.

मी प्रकरण नव्यानं लिहिलं. प्रोफेसरांना पत्र लिहून सगळं कळवलं. त्यांचं उत्तर कोरड्या उर्दूत आलं. ‘मिलेट’ म्हणजे जवार हे सारी दख्खन जाणते. आणि ‘मान टाकलेली जवार मी स्वतः पाहिली आहे.’ हे खरंच होतं. आत्याला विचारलं तर तीही म्हणाली, “असती एक वाकडी जात.” म्हणजे कणसाचा पुरावा एकटा पुरणार नव्हता. दाण्याच्या मापावरच सगळं उभं होतं. मी दुरुस्त प्रकरणासह प्रबंध दिला, आणि त्या प्रकरणाच्या शेवटी कागदाची एक पुडी टाचली. त्यात चिमूटभर राळे होते आणि चिमूटभर जवार.

तोंडी परीक्षेला हैदराबादला गेले. खोलीत प्रोफेसर होते आणि शेतकी खात्यातले एक वयस्कर साहेब, ज्यांना खास या विषयासाठी बोलावलं होतं. प्रोफेसरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “हे राळे तुम्हाला कुठल्या ग्रंथात सापडले?”

“ग्रंथात माप सापडलं, जनाब. राळे ताटात सापडले.”

“कुणाच्या?”

“माझ्या आत्याच्या. आणि एका कापडवाल्यानं ओळखले. तो त्याच मुलखातला आहे.”

प्रोफेसरांनी पुडी शेजारच्या साहेबांपुढं सरकवली. शेतकी खात्याच्या साहेबांनी पुडी उघडली, दाणे तळहातावर चोळून फुंकर मारली, अहवालातलं माप पुन्हा वाचलं, खिशातून पट्टी काढून मोजलं. मग म्हणाले, “ये तो साफ कंगनी है. जवार का सवाल ही नहीं.” राळ्यांना उर्दूत कंगनी म्हणतात. म्हणजे शब्दही उर्दूत होता. तो कुणी वापरला नव्हता इतकंच.

प्रोफेसरांनी बराच वेळ पानं उलटली. मग चष्मा काढून खाली ठेवला. मला वाटलं आता नापास करतील. त्यांनी खुर्ची थोडी पुढं ओढली आणि विचारलं, “तो कापडवाला... पूजेत जवार ठेवत नाहीत असं म्हणाला? आणखी काय म्हणाला?”

त्यानंतर तासभर ते मला विचारत राहिले. ओट्याखालून धूर कसा नेतात, बाळंतिणीची पेज किती पातळ करतात, दारू कशाची. परीक्षा कधी संपली ते आम्हा तिघांनाही कळलं नाही.

मी पास झाले. प्रबंधाच्या सुरुवातीला मी आत्याचे आणि कापडवाल्याचे आभार मानले होते. दफ्तरातल्या कारकुनानं आक्षेप घेतला, की फेरीवाल्याचा उल्लेख इल्मी, म्हणजे विद्वत्तेच्या, कामात शोभत नाही. प्रोफेसरांनी तो तसाच राहू दिला. आपल्या पुस्तकातला ‘जवार’ मात्र त्यांनी बदलला नाही. ते छापून गेलं होतं आणि रियासतीतली पोरं पुढंही कितीतरी वर्षं चीनचे लोक जवार खात असं पाठ करत राहिली. मी मासिकाला दुरुस्तीचं पत्र पाठवलं होतं. तेही शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आलं. मोहतमीमसाहेबांनी ते वाचलं नसावं. पुढच्या तपासणीतही त्यांनी भाकरीची गोष्ट सांगितली आणि मी उठून सांगितलं की साहेब, भाकरी नव्हे, भात. मुली हसल्या. साहेबांना ते फारसं आवडलं नाही.

लढाई संपल्यावर काही महिन्यांनी कापडवाला निघाला. कलकत्त्याला त्याच्या मुलखातले लोक होते, तिथून जहाज मिळेल अशी आशा होती. आत्यानं त्याला वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या आणि एक पिशवी राळे दिले. “पोरीला दे म्हनावं,” ती म्हणाली. “आता लई मोठी झाली आसंल.” तो तिच्या पाया पडला. लातूरच्या अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीच्या डब्यातून तो बराच वेळ हात हलवत होता. कलकत्त्याहून त्याचं एक कार्ड आलं, कुणाकडून तरी हिंदीत लिहवून घेतलेलं: जहाजाला वेळ आहे, तब्येत ठीक आहे. त्यानंतर काही आलं नाही. तिकडे चीनमध्ये पुन्हा लढाई सुरू झाल्याचं वर्तमानपत्रात वाचत होतो. आत्या पोस्टमनला पुष्कळ दिवस विचारत राहिली, आणि एक दिवस विचारायची थांबली.

पुढं प्रोफेसरांच्याच शिफारशीनं मला हैदराबादला मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवायची जागा मिळाली. आत्या लातुराहून नांदेडला वडिलांकडे गेली. दिवस बरे नव्हते. रझाकारांच्या धास्तीनं गावंच्या गावं सरहद्दीपलीकडे जात होती, गाड्यांचा भरवसा नव्हता आणि वर्गात कधी पाच मुली असत, कधी पंधरा. निजामी संपायला थोडेच महिने उरले होते, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

अशाच एका सकाळी मी वर्गात जुन्या चीनच्या शेतीबद्दल सांगत होते. नदी, माती, राळे, डुकरं, मडकी. देगलूरकडची एक मुलगी होती. घरी तेलुगू बोलायची, वर्गात कधी तोंड उघडायची नाही. तिनं हात वर केला.

“बाई, समुद्र तर लांब होता म्हणता. मग त्या लोकांना मीठ कुठून मिळायचं?”

 प्रबंधाच्या सगळ्या पानांत मिठाचा एक शब्द नव्हता. मला सुचलंच नव्हतं. सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं.

मुलगी ओशाळली. तिला वाटलं आपण काहीतरी आगाऊपणा केला. मी तिला उभी राहायला सांगितलं, प्रश्न पुन्हा मोठ्यानं विचारायला लावला आणि फळ्यावर तो तिच्याच शब्दांत लिहिला. तास सुटल्यावर मी थेट ग्रंथालयात गेले आणि नकाशांचं मोठं पुस्तक काढून उत्तर चीनच्या मोठ्या नदीच्या वळणावर बोट फिरवत बसले. त्या वळणाच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी, एक लांबट निळा ठिपका होता. खाली बारीक इंग्रजीत लिहिलं होतं: खारं तळं.

तिथून पुढची सात वर्षं माझी मिठात गेली.